वळसा

तेलेर्वो तिसऱ्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्या.
एकतीस वर्षं तिनं रात्रपाळी केली
हेलसिंकीतल्या एका सरकारी इस्पितळात.
आता पेन्शन. त्यातून भाडं, गुडघ्याची गोळी, काळा पाव,
आणि उरेल ते एका निळ्या कार्डावर.

तिच्याकडे गाडी नाही.
माझ्या गाडीचं पेट्रोल मात्र चार वर्षं
तिच्याच कार्डावर चढत होतं.
तळमजल्यावरच्या रासानेनांच्या मांजराचं खाणंसुद्धा.
थेंबे थेंबे तळे साचे.
आमच्या देशात तळ्यांना तोटा नाही,
पण थेंब मोजून साचवलेलं मी हे एकच पाहिलं.

फेब्रुवारीत एका पहाटे तिनं दार वाजवलं.
हातात चौकटीचा कागद, पेन्सिलीचे आकडे.
हेलसिंकीहून ओसाका, पुढच्या वर्गात : अशक्य.
स्टॉकहोमहून ओसाका, त्याच वर्गात : निम्मे पॉइंट.
"आणि जायचं कुठून?"
"हेलसिंकीवरूनच," ती म्हणाली. हसली नाही.
आकड्यांना ती हसत नाही.

कळसा काखेतच होता.
तिनं शांतपणे गावाला वळसा घातला.

रात्रीची बोट, सगळ्यात स्वस्त तिकीट, म्हणजे खोली नाही.
जुगाराच्या यंत्रांमागे, गालिच्यावर, कोट अंथरून.
पहाटे उकडलेली दोन अंडी, मीठ पुडीत.
मग विमानतळावरची ती काचेची खोली,
जिथे खुर्च्यासुद्धा हळू बोलतात.
तिनं सूप घेतलं. दुसऱ्यांदा घेताना
कुणी बघतंय का ते पाहिलं.
कुणी बघत नव्हतं. तिसऱ्यांदा घेतलं.

ती आमच्याच शहरात उतरली, विमान बदललं, पुन्हा उडाली.
ढग होते. तरी मी गॅलरीत जाऊन
टॉवेल हलवला.

परत आल्यावर मी विचारलं, ओसाका कसं होतं?
"ठीक."
मग खुर्ची ओढून बसली, आणि विमानाचं सांगू लागली.

जेवणानंतर एक मुलगी आली, छातीवर पट्टी : सान्नी.
म्हणाली, बिछाना घालून देऊ?
जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या गाद्या सारख्या केल्या
ती मधल्या वाटेत उभी, हात कुठे ठेवावेत कळेना.
पायाकडचा कोपरा सैल राहिला.
मुलगी वळल्यावर तिनं तो खोचला,
इस्पितळात खोचतात तसा, नाणं उडेल इतका ताठ.
मग आडवी झाली. झोपली नाही.

"वेडी आहेस का," मी म्हटलं, "झोपायलाच तर गेलीस."
"झोपले असते
तर मी कुठे झोपलेय ते मला कसं कळलं असतं?"

तिच्या घड्याळात तीन वाजले. पाणी प्यायला उठली.
पडद्यामागे सान्नी घडीच्या खुर्चीवर,
एक बूट काढलेला, टाच अंगठ्यानं दाबत.
रात्रपाळीतले तीन वाजताचे पाय
तेलेर्वो अंधारातही ओळखते.
"पाय वर घे. भिंतीला टेकव. दहा मिनिटं."
"पण घंटा—"
"घंटा मी बघते."

आणि उभी राहिली. पायात फुकटचे मोजे,
बाहेर, खूप खाली, कुठलातरी बर्फ.
नवव्या मिनिटाला घंटा वाजली.
चौथ्या रांगेतल्या गृहस्थांना पाणी हवं होतं.
तिनं नेऊन दिलं, त्यांची उशी सारखी केली,
सवयीनं कपाळालाही हात लावून पाहिला.
"ताप नव्हता," ती मला म्हणाली.

माझ्यासाठी तिनं जॅमची बाटली आणली आहे,
अंगठ्याएवढी. मी अजून उघडलेली नाही.

काल पेट्रोल भरलं.
काउंटरवरच्या पोरानं विचारलं, कार्ड?
नंबर मला पाठ आहे.